वाचकांचे प्रश्न : अँथुरियम, पाणी आणि नारळाची सोडणं

या खेपेला आलेल्या पत्रांत अँथुरियमच्या फुलशेतीची पत्रं इतकी आहेत, की बाकीची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. तळेगावच्या हरितगृहांत मी बरीच वर्षं उत्पादनाचं काम पाहिलं. आता मावळात माझी स्वतःची शेड आहे आणि तिच्यात अँथुरियमच आहे, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येकाचा बेड डोळ्यांसमोर येत होता. मोठी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. त्यातल्या पाच गुंठ्यांत कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) अँथुरियम लावलं. पहिले सहा महिने रोपं छान होती. आता पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळताहेत आणि फुलं लहान येताहेत. दुकानदार म्हणतो खत कमी पडतंय, म्हणून खत वाढवलं, तर कडा आणखीच जळाल्या. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट : सामू (पीएच) ७.९, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १.३, बायकार्बोनेट ३६६, सोडियम ९२, क्लोराइड १०६ (तिन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर). उरलेल्या पाच गुंठ्यांत यंदा लावण करावी का?
(संगमनेर तालुका, अहिल्यानगर)

उत्तर : दादा, तुम्ही रिपोर्ट जोडलात हे फार बरं केलंत. दहातली नऊ पत्रं नुसती 'पानं जळतात' एवढ्यावर थांबतात. तुमचं सगळं दुखणं त्या कागदावर लिहिलेलं आहे, आणि ते खत कमी पडल्याचं नाही.

अँथुरियमला आपण जे खताचं पाणी देतो त्याची ईसी साधारण १.० ते १.५ च्या मध्ये ठेवतो. तुमची विहीर खताचा एक दाणाही न टाकता १.३ आहे, म्हणजे खताला जागाच उरलेली नाही. त्यावर नेहमीचा डोस टाकला की मुळाशी २.३–२.५ होतं. ऊस किंवा डाळिंब हे सहन करेल, अँथुरियम करणार नाही. मीठ वाढलं की मुळाला पाणी ओढता येत नाही, आणि त्याची पहिली खूण पानाच्या कडेवर दिसते, कारण पाण्याच्या वाटेवरचं शेवटचं टोक ते.

आता सामूचं. तो चढा राहतो बायकार्बोनेटमुळे, आणि तो उतरवायला कोणीतरी तुम्हाला आम्ल घालायला सांगेल. बायकार्बोनेट ३६६ म्हणजे लिटरला ६ मिलिमोल. त्यातलं साडेपाच मारायला नायट्रिक आम्ल वापरलंत, तर सामू ५.५ ते ६ वर येईल खरा. पण अँथुरियमला एका लिटर द्रावणात जेवढं नायट्रेट लागतं, ते जवळजवळ सगळं या आम्लातूनच आत जाईल. मग कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट कुठे बसवणार? फॉस्फोरिकने मारायला गेलात तर स्फुरद कितीतरी पटींनी जास्त होतं. आणि कुठलंही आम्ल घातलं तरी सोडियम, क्लोराइड तिथेच राहतात. मुळाशी सोडियम ७० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. तुमचं पाणी ९२ घेऊनच येतं, आणि रोप पाणी पिऊन मीठ मागे ठेवतं, त्यामुळे बेडमध्ये तो आकडा रोज चढतो.

उपाय तुमच्या डोक्यावर आहे. दहा गुंठ्यांचं छप्पर म्हणजे १,००० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमच्या पट्ट्यात ४५० मिलिमीटर धरला तर साडेचार लाख लिटर होतात, गळती-उडती वजा करून चार लाख हाती येतील. पाच गुंठ्यांच्या लावणीला दिवसाला सरासरी १,४०० लिटर धरा, म्हणजे वर्षाला पाच लाखांच्या आसपास. चार भाग पावसाचं आणि एक भाग विहिरीचं पाणी मिसळलंत की ईसी ०.२६, सोडियम १८ आणि बायकार्बोनेट ७३ वर येतं. या पाण्यावर अँथुरियम उत्तम होतं. पावसाळ्यात रोजचा वापर चालूच राहतो, म्हणून साठवण तीन लाख लिटरची पुरे. छपराच्या पन्हळीचं पाणी अस्तर घातलेल्या तळ्यात घ्या आणि तळ्यावर शेडनेट ओढा, नाहीतर शेवाळ ड्रिपरपर्यंत पोचतं आणि उन्हाळ्यात ऊन-वाऱ्याने तळ्यातलं पाणी उडून जातं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की दहा गुंठ्यांचं छप्पर पाच गुंठ्यांचं अँथुरियम पोसतं. दुसऱ्या पाच गुंठ्यांत अँथुरियम लावलंत तर दोन्हीकडचं पाणी बिघडेल. तिथे ते लावू नका. आरओ बसवायचा विचार असेल, तर त्यातून निघणारं खारं पाणी कुठे सोडणार ते आधी ठरवा. ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे झिरपणार असेल तर मी तुम्हाला आरओ घ्या म्हणून सांगणार नाही.

तळं होईपर्यंत एवढं करा. खत निम्म्यावर आणा. बेडखालून निथळणारं पाणी दर आठवड्याला बादलीत धरून त्याची ईसी मोजा. आत १.२ जातंय आणि बाहेर १.५–१.६ येतंय तोवर काळजी नाही. २ च्या पुढे गेलं की मिळेल तेवढ्या गोड्या पाण्याने बेड धुवा, टँकर मागवावा लागला तरी मागवा. फॉगरला (हवेत धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या यंत्रणेला) विहिरीचं पाणी अजिबात नको. पानांवर आणि फुलांवर पांढरे ठिपके उठतात, नोझल चोंदतात, आणि तशी फुलं बाजारात कोणी घेत नाही.

प्रश्न : आमच्याकडे नारळाची बाग आहे आणि सोडणं (नारळावरची काथ्याची सालं) वाया जातात. दीड-दोन गुंठ्यांच्या शेडमध्ये विकतच्या कोकोपीटऐवजी सोडणांचे तुकडे वापरून अँथुरियम होईल का? एकाने सांगितलं की खाली माती हवीच.
(लांजा, रत्नागिरी)

उत्तर : माती नको, आणि सोडणं तर विकतच्या बारीक कोकोपीटपेक्षा चांगली. तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण हे पीक कोकणाला किती जवळचं आहे ते मी नेहमी सांगत असते.

अँथुरियम मूळचं कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पश्चिम उतारांवरच्या ओल्या जंगलातलं. १८७६ मध्ये एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतिसंग्राहकाला ते कोलंबियात मिळालं, आणि त्याचंच नाव या जातीला लागलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतं. पाऊस येतो, मुळं भिजतात, पाणी निथळून जातं, मुळांना पुन्हा वारा लागतो. तुमच्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यात सीतेची वेणी फुलते, तिचीही मुळं अशीच उघडी असतात. मातीत, विशेषतः चिकट मातीत, अँथुरियमची मुळं गुदमरतात, आणि सूत्रकृमी व मूळकूज वेगळी. म्हणून जगभर फुलांसाठी ते माती सोडून वाढवतात. हॉलंडमध्ये फोम, परलाइट, रॉकवूल वापरतात. आपल्याकडे सोडणं आहेत.

पूर्ण पिकलेल्या नारळाची, वाळलेली सोडणं घ्या. हिरव्या शहाळ्याची नकोत, ती लवकर कुजतात. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि चाळून भुसा वेगळा काढा. खाडीच्या पाण्यात भिजत घातलेली सोडणं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, त्यांत सोडियम मुरलेलं असतं. तुकडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. पाणी चहासारखं लाल होईल, ते ओतून नवं घाला. निथळलेल्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत हे करत राहा.

पुष्कळ जण इथे थांबतात, आणि पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. काथ्याच्या धाग्याला सोडियम आणि पोटॅश चिकटून बसलेलं असतं, आणि ते नुसत्या पाण्याने सुटत नाही. तसेच तुकडे बेडमध्ये भरले, तर तुम्ही दिलेलं कॅल्शियम धागा स्वतःकडे ओढून घेतो आणि त्या बदल्यात सोडियम मुळाकडे सोडतो. म्हणून लिटरला ५ ते १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात तुकडे एक दिवस-रात्र ठेवा, मग पुन्हा धुवा.

बेड २० ते २५ सेंटिमीटर खोल करा. तळाला जाड प्लास्टिक, मधोमध उतार आणि भोकं पाडलेला पाइप घाला. सोडणं तीन-चार वर्षांत खचतात, म्हणून त्यांत कोळशाचे आणि पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे मिसळा. जांभ्याची खडी हाताशी असली तरी ती नको, तिची भुकटी होऊन निचरा बसतो. भरून झालं की एक मूठ माध्यम घ्या आणि घट्ट दाबा. हात ओला व्हावा, एखाद-दोन थेंब गळावेत, आणि मूठ उघडल्यावर तुकडे सुटे व्हावेत. गोळा राहिला तर भुसा जास्त आहे, पुन्हा चाळा.

मुळं महिन्यातून एकदा तरी पाहा. बेडच्या कडेला दोन बोटं खुपसून तुकडे बाजूला करा. चांगलं मूळ जाड, पांढरट असतं आणि टोकाला हिरवट-पिवळी झाक असते. बोटांत धरून ओढल्यावर साल हातात आली आणि आत दोरा उरला, तर ते मूळ मेलं. तशी मुळं दिसली की पाणी एका वेळी कमी आणि जास्त वेळा द्या.

तुमच्याकडे दमट हवा फुकट मिळते आणि पावसाचं पाणी मुबलक. अडचण येईल ती जून ते सप्टेंबर. अँथुरियमला १५,००० ते २५,००० लक्स उजेड हवा. उन्हाळ्यात त्यासाठी ७५ टक्क्यांची शेडनेट लागते, पण तीच नेट पावसाळ्यात तशीच राहिली तर आत अंधार होतो, दांडे लांब आणि लुळे येतात. म्हणून नेट सरकवता येईल अशी बसवा. आणि नुसत्या शेडनेटखाली हे पीक घेऊ नका, वर प्लास्टिकचं छप्पर हवंच. कोकणातला पाऊस थेट बेडवर पडला तर खत तर वाहून जाईलच, आणि पुढच्या प्रश्नात लिहिलंय तो रोगही येईल.

प्रश्न : शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडून अँथुरियमची पिल्लं (मोठ्या रोपाच्या बुडाशी फुटलेली छोटी रोपं) स्वस्तात घेतली. आता काही पानांच्या कडेला तेलकट डाग येतात, त्याभोवती पिवळी कड दिसते आणि मग पान काळं पडतं. दोन रोपांचा शेंडाच गळून आला. बुरशीनाशक दोनदा मारलं, फरक नाही.
(पन्हाळा, कोल्हापूर)

उत्तर : हे उत्तर आजच वाचा आणि आजच कामाला लागा. तुमचं वर्णन जिवाणूजन्य करप्याचं आहे. हा झँथोमोनास जिवाणू, म्हणून बुरशीनाशकाला दाद देत नाही. १९८० च्या दशकात याच रोगाने हवाई बेटांवरच्या अँथुरियमच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि कित्येक छोट्या शेतकऱ्यांनी हे पीक सोडलं.

आधी खात्री करा. डाग असलेलं पान उजेडासमोर धरा. मिठाने जळलेली कड कोरडी आणि तपकिरी दिसते. करप्याचा डाग पाण्याने भिजल्यासारखा, आरपार उजेड देणारा असतो आणि भोवती पिवळं वलय असतं. मग डागाची कड कापून तो तुकडा स्वच्छ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात स्थिर धरा. थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधट धूर उतरताना दिसला तर तो जिवाणू. तरीही एक रोप पिशवीत बंद करून कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे द्या.

यावर औषध नाही, हे स्पष्ट सांगते. ज्या रोपाचा शेंडा गळला ते आणि त्याला लागून असलेली रोपं, मुळांसकट, जागेवरच पिशवीत घालून बाहेर काढा आणि जाळा. उघडी रोपं हातात धरून शेडभर फिरू नका. सकाळी पानांच्या कडेला बारीक थेंब उभे असतात, जिवाणू तिथूनच आत-बाहेर करतो, म्हणून पानं कोरडी होईपर्यंत कोणालाही बेडमध्ये जाऊ देऊ नका. वरून पाणी मारणं बंद, फक्त ड्रिप. फुलं काढायला दोन चाकू ठेवा. एक निर्जंतुक द्रावणात बुडालेला, दुसरा हातात, आणि प्रत्येक रोपानंतर अदलाबदल. तुमच्या मजुरांना हे कंटाळवाणं वाटेल, पण रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो तो बहुतेक या चाकूवरूनच. अमोनियाच्या रूपातलं नत्र कमी करा, त्याने पान लुसलुशीत होतं आणि रोग वेगाने पळतो. ताम्रयुक्त औषधं कोणी सुचवली तर थांबा. अँथुरियमला तांबं सोसत नाही, पानं आणि फुलं भाजतात.

आणखी एक. शेडच्या दाराशी, सांडपाण्यावर अळू लावलंय का? अळू, डिफेनबॅकिया, सिंगोनियम ही सगळी अँथुरियमच्याच कुळातली आणि या जिवाणूला घर देणारी. वडीसाठी अळू हवंच असतं, मला माहीत आहे, पण ते घराच्या दुसऱ्या अंगाला लावा.

पुढची लावण ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, टिश्यू कल्चरच्या) रोपांचीच करा. स्वस्त पिल्लांबरोबर रोग येतो आणि तो पहिले काही महिने दिसतही नाही.

प्रश्न : 'ट्रॉपिकल' जातीच्या लाल फुलांच्या वरच्या दोन कानांचा (देठाजवळच्या गोल भागांचा) रंग उडून तिथे तपकिरी डाग येतात. फुलकिडे आहेत का?
(जुन्नर, पुणे)

उत्तर : फुलकिड्यांची खूण म्हणजे कळी उघडण्याआधीच पडलेल्या पांढऱ्या-तपकिरी ओरखड्यांच्या रेघा, आणि त्या कुठेही असतात. तुमच्यासारखा फक्त कानांचा रंग गेला तर कॅल्शियम कमी पोचलंय. टाकीत कॅल्शियम असूनही असं होतं, कारण ते पाण्याबरोबर वर चढतं आणि रात्रंदिवस हवा दमट, बंद राहिली तर पाणी वर ओढलंच जात नाही. सकाळी लवकर पडदे उघडा. शिवाय कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत दाट कालवत असाल तर तळाशी पांढरा गाळ बसतो, आणि तुमचं कॅल्शियम त्या गाळात जातं. 'ए' टाकीत कॅल्शियम नायट्रेट, 'बी' टाकीत सल्फेट आणि फॉस्फेट, हा नियम मोडू नका.

प्रश्न : फुलं नेमकी कधी काढायची? आमची फुलं दादरला पोचेपर्यंत निळसर-काळी पडतात. गाडीत गुलाबाबरोबर थंडाव्यात पाठवतो.
(तळेगाव ढमढेरे, पुणे)

उत्तर : थंडावाच त्यांना मारतोय. गुलाब २ ते ४ अंशांवर खूश असतो, अँथुरियम १३ अंशांच्या खाली गेलं की त्याच्या पेशी फुटतात आणि रंग निळा, मग काळा होतो. ही इजा गाडीतून उतरवताना कधी दिसतही नाही, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी दिसते, आणि नाव तुमचं खराब होतं. वेगळ्या गाडीची सोय नसेल तर थंडाव्याविना, रात्रीच्या वेळी पाठवा. १५ ते १८ अंश त्याला मानवतात.

काढणीची वेळ रंगावरून ठरवू नका, कारण रंग लवकर येतो. मधल्या दांडीवरून, म्हणजे स्पॅडिक्सवरून, बोट फिरवा. आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान असतं, खरी फुलं त्या दांडीवर असतात, अगदी बारीक, आणि ती खालून वर उमलत जातात. उमललेला भाग खरखरीत लागतो, न उमललेला गुळगुळीत. खालची दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश दांडी खरखरीत लागली की फूल तयार. लवकर काढलं तर दांडा मान टाकतो आणि रंगीत पान मऊ पडतं. उशिरा काढलं तर फुलदाणीतले दिवस तुमच्या शेडमध्येच संपतात. वेळेवर काढलेलं चांगलं फूल तीन आठवडे सहज टिकतं.

सकाळी काढा, लगेच पाण्यात उभं करा, आणि पाठवताना प्रत्येक दांड्याला पाण्याची छोटी नळी लावा. खोक्यात फुलं एकमेकांना घासणार नाहीत अशी मांडा आणि दांडे चिकटपट्टीने बांधा. या फुलावर ओरखडा पडला की तो भरून येत नाही, त्याच्या जागी तपकिरी रेघ उमटते. तुमच्या भागातल्या आणखी दोघा-तिघांनीही हेच विचारलंय. त्यांना एवढंच जोडून सांगते, की पॉलिहाऊसमधल्या फुलशेतीचं आणि काढणीनंतरच्या हाताळणीचं प्रशिक्षण तळेगाव दाभाडेच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत मिळतं. जाताना पॅकिंग जे करतात त्यांना पाठवा, मालक नाही गेला तरी चालेल.